निळ्या पिंपाबद्दल आभार

मुक्काम बोगल्स, कॅरियाकू बेट.
वारा पूर्वेचा, आभाळ कोरडं.

तीर्थरूप अर्नेस्टीन आत्याबाईंस,

तुमचा भाचा अँसेल्म याचा आदरपूर्वक नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत आणि तुम्हीही तिकडे ब्रुकलिनला सुखरूप असाल अशी आशा करतो. गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? छातीत मधूनच धडधडायचं ते थांबलं का? (हे सगळं रीत म्हणून विचारतो आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते असं वडिलांनी लहानपणी कान धरून शिकवलं. उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.)

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही नाताळात पाठवलेलं निळं पिंप पोचलं. तांदूळ, तेल, डबाबंद मटण, टॉवेल, साबणाच्या वड्या आणि व्हर्लिनचे बूट, सगळं जसंच्या तसं मिळालं. साबण तुम्ही तांदळाच्या पिशवीशेजारी ठेवलात, त्यामुळे महिनाभर आमच्या घरी भात जेवलेला माणूस आंघोळ करून आल्यासारखा दरवळत होता, पण ती तक्रार नव्हे. (बूट व्हर्लिनला घट्ट होतात, ती तक्रार आहे, पण बायकोची.) पिंप मात्र खरोखर देखणं आहे. आवळून बसणारं झाकण, कुठे चीर नाही, गंज नाही. बोगल्समधल्या अर्ध्या बायका ते बघून गेल्या आणि उरलेल्या अर्ध्या, आपण बघायला येणार नाही, असं सांगायला आल्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वडिलांच्या कबरीवर बसवायच्या दगडाबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. दगड तयार होऊन आमच्या घराखाली जुन्या शिडात गुंडाळून पडलेला आहे आणि सध्या त्यावर कोंबडी अंडी उबवायला बसते. दगड बसेपर्यंत गेलेला माणूस पुरता गेलेला नसतो, आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं स्वतःच्या हातानं मातीवर पाणी आणि रम शिंपडल्याशिवाय दगड बसत नाही, आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस आता तुम्ही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुमचे गुडघे, तिकडची थंडी, आधी कागदपत्रांची अडचण आणि मग कागदपत्रं मिळाल्यावरची अडचण, सगळं मी समजू शकतो. वडीलही समजून घेत होते. तेव्हा तो विषय इथेच संपला.

आता पिंपाकडे येतो. तुम्ही तिकडे नळ सोडता आणि विसरून जाता, त्यामुळे इथलं पाणी तुम्हाला आठवतं की नाही कोण जाणे. इथे अजून तसंच आहे. आभाळ देईल ते छपरावर, छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून पिंपात, आणि तेवढ्यावरच पुढच्या पावसापर्यंत माणसं, बकऱ्या आणि स्वयंपाक. वडिलांचं जुनं लाकडी पिंप स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला होतं, रमचं, माझ्या जन्माआधीचं. ते त्यांच्याखेरीज कुणाला हात लावू देत नसत. रोज पहाटे उठून बोटाच्या पेरांनी ते पिंप वाजवायचे, वरून सुरुवात करून हळूहळू खाली. वर पोकळ वाजायचं, आणि जिथे आवाज बद्द व्हायचा तिथे पाणी. मग आत येऊन, आज कुणी आंघोळ करायची आणि कुणी नुसतं तोंड धुवायचं, ते जाहीर करायचे. (माझ्या वाट्याला बहुधा तोंड यायचं.) आमची सकाळ त्या टकटकीनं व्हायची. त्यांच्या पश्चात पिंप होतं, टकटक नव्हती, आणि मला खरं सांगायचं तर पहाटे जाग आली की घर फार मोठं वाटायचं.

तर तुमचं निळं पिंप आलं तेव्हा मी जुनं हलवून बकऱ्यांच्या गोठ्यामागे आडवं टाकलं आणि निळं पन्हळीखाली बसवलं. जानेवारीत शेवटचा चांगला पाऊस झाला. पहिलं पाणी छपरावरची धूळ आणि कबुतरांची कृपा घेऊन येतं, म्हणून पन्हळ बाजूला वळवून ते वाहू दिलं, मग नळकांडं पिंपात सोडलं, आणि संध्याकाळपर्यंत पिंप काठोकाठ. डासांच्या अळ्या खायला चार गप्पी मासे सोडले. झाकण लावलं. व्हर्लिनला म्हटलं, आता जूनपर्यंत काळजी नाही. हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं तिचं मत आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे टकटक झाली.

व्हर्लिन चुलीवर कोकोचा चहा ढवळत होती, मी दारात उभा राहून जांभई देत होतो. दोघांनीही ऐकलं. पेरांचाच आवाज, वरून खाली, हळूहळू. मी कोपऱ्यावर जाऊन बघितलं. कुणी नाही. मी बघत असताना पिंप माझ्यासमोर वाजलं, आत्याबाई. आणि झालं असं की प्लास्टिक ते प्लास्टिक, ते वरपासून खालपर्यंत सारखंच वाजतं. खालपर्यंत गेल्यावर टकटक थांबली, जरा विचार केल्यासारखी शांतता झाली, आणि पुन्हा वरून सुरू. माझे वडील हयातीत कधी गोंधळलेले मी पाहिले नव्हते. ते मेल्यावर प्रथम पाहिले, म्हणजे ऐकले.

अर्थात मी लगेच भुताखेतांवर जाणारा माणूस नव्हे. उन्हानं प्लास्टिक फुगतं आणि गारव्यानं आकसतं, त्याचा आवाज, असं मी व्हर्लिनला समजावलं. ती म्हणाली, मग ते वरून खालीच का आकसतं. मी पिंप रिकामं करून सावलीत ढकललं आणि पुन्हा भरलं. टकटक सावलीत आली. मग बकरीवर संशय घेऊन बकरी बांधली. बांधलेल्या बकरीनं रात्रंदिवस ओरडून टकटकीपेक्षा जास्त त्रास दिला. शेवटी एका सकाळी झाकण उघडून आत बघितलं, तर चारही मासे पिंपाच्या एकाच कडेला, टकटक ज्या बाजूनं येत होती तिकडे तोंड करून, कवायतीला उभे केल्यासारखे स्थिर. मी झाकण हळूच परत ठेवलं. त्या दिवसापासून व्हर्लिननं जाहीर केलं, "सासरे ज्या पाण्याला कान लावून बसलेत, ते पाणी मी चहाला घेणार नाही." आणि ती डोक्यावर बादली घेऊन तिच्या बहिणीकडून पाणी आणू लागली, चढावरच्या बहिणीकडून, कोरड्या दिवसांत. बहीण काही बोलली नाही. बहिणीचा नवरा बोलला. म्हणजे भरलेलं पिंप दारात आणि आम्ही तहानलेले, अशी आमची अवस्था झाली.

त्यातच स्वप्नं सुरू झाली. इथली रीत तुम्ही विसरला नसाल. गेलेल्या माणसाला काही हवं असलं की तो घरच्यांच्या स्वप्नात येतो, मागतो, आपण देतो, तो जातो. सरळ व्यवहार आहे. पण आमचे वडील माझ्या स्वप्नात आले नाहीत. ते पहिल्यांदा गेले शेजारच्या मिस यूथाकडे. मिस यूथा सकाळी कुंपणाशी उभी राहून मला सांगू लागली की तुझा बाप लॉसन आला होता, बूट हातात घेऊन, माझ्या पोराच्या त्या निळ्या पिंपात काय आहे म्हणून विचारत होता. तिनं स्वप्नातच सांगितलं, पाणी आहे. तर तो म्हणाला, नीट बघून सांग. पुढे ते गेले बोटीवाल्या कॅप्टन गिफ्टनकडे. त्याच्या स्वप्नात धक्क्यावर उभे राहून, सामानात कुणी माणूस आहे का, असं विचारत होते. मग ज्याच्या त्याच्या. गावातली माणसं स्वप्नातल्या प्रश्नाचं खरं उत्तर देता यावं म्हणून सकाळी सकाळी आमच्याकडे येऊन, झाकण उघडून, आत डोकावून जाऊ लागली. दुकानदार तर हात घालून ढवळून गेला. (मासे तेव्हापासून जेवत नाहीत.)

मला याचा राग आला, आणि राग आला म्हणतो ते खरं नाही, मला फार लागलं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. शेवटच्या आजारपणात त्यांना पेजेचा चमचा मी भरवला. आणि त्यांनी विचारायचं कुणाला, तर हयातभर ज्याला बोटीचा चोर म्हटलं त्या गिफ्टनला? मी दिवेलागणीलाच जेवून झोपू लागलो. त्यांच्या खाटेवर, त्यांची टोपी उशाशी घेऊन झोपलो. मला एकच स्वप्न पडलं आणि त्यात मिस यूथाचा रविवारचा झगा घातलेली बकरी होती. तिनंही मला काही विचारलं नाही.

तरी मी माझ्या परीनं अंदाज बांधला. वडिलांना प्लास्टिक रुचलं नाही, त्यांना त्यांचं लाकडी पिंप हवंय. गोठ्यामागून ते काढलं, घासलं, पन्हळीखाली परत उभं केलं, निळं सावलीतून, पाणी काढून आणि पुन्हा भरून, गोठ्यामागे नेलं. दैवयोगानं दोनच दिवसांत एक अवेळी सर आली. पण लाकडी पिंप कोरडं पडलं की फळ्या आकसतात, हे वडिलांच्या मुलाला ठाऊक असायला हवं होतं. छपरावरचं पाणी वरून आत गेलं आणि चोहोबाजूंनी बाहेर आलं. अवेळी सर वर्षात एकदा येते, ती आमच्या अंगणातून समुद्राला मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टकटक कुठून आली म्हणाल? गोठ्यामागून. निळ्यावरच. तेव्हा मला कळलं की त्यांना पाण्याचं काही देणंघेणं नाही.

मग रीतसर ताट ठेवलं. तळलेला मासा, मक्याच्या पिठाचा गोळा, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, कोंबडी, सगळं गेलेल्या माणसांना चालतं तसं बिनमिठाचं, शेजारी पाण्याचा पेला आणि रमचा पेला. त्यांच्या खोलीत टेबलावर मांडलं, दार ओढून घेतलं. सकाळी बघतो तर ताटाला बोट लागलेलं नाही. पाणी तेवढंच. रम मात्र निम्मी. बघायला जमलेले शेजारी कौतुकानं मान हलवत होते आणि व्हर्लिन माझ्याकडे बघत होती. त्याविषयी मला आणखी काही लिहायचं नाही.

उलगडा झाला तो मागच्या रविवारी, भर सकाळी, चर्चमध्ये. प्रवचन लांबलं होतं आणि मिस यूथाला डुलकी लागली. एकदम ताठ बसून तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा होता की पाद्रीबाबांचंही वाक्य अर्ध्यात राहिलं. बाहेर झाडाखाली बसल्यावर तिनं सांगितलं. लॉसन आत्ता माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला होता. गुडघे पाण्यानं ओले. आणि तो अगदी लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "अर्नेस्टीन पिंपात बसून येते म्हणाली होती. आणि या पोरानं वरून पाणी ओतलंय."

मला काही कळेना. पण मिस यूथा त्या दिवशी धक्क्यावर होती, आत्याबाई. तुम्ही शिडाच्या जहाजातून निघालात त्या दिवशी. ती म्हणते, लॉसन तुमच्या झग्याला लोंबकळला होता, सोडीना, खलाशी ओरडत होते. तेव्हा तुम्ही खाली वाकून त्याला म्हणालात, "रडू नको. मी पिंपात बसून परत येईन. तू नुसतं बाहेरून वाजवत जा, मी आतून वाजवीन." त्यानं लगेच झगा सोडला. सगळे हसले. तुम्हीही हसत होतात म्हणे, रडत होतात आणि हसत होतात.

आत्याबाई, मला आठवलं ते तुम्हालाही सांगितलं पाहिजे. तुमची पिंपं माझ्या लहानपणापासून येत आहेत. वडील धक्क्यावर जायचे आणि पिंप उतरवलं की उघडण्याआधी पेरांनी वाजवायचे. वाजवून झालं की कान लावायचे. मग थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि म्हणायचे, चला, उघडा. आम्हाला वाटायचं, प्रवासात पीठ भिजलं की काय ते बघतात. एवढा मोठा माणूस, कुठल्याही पिंपातलं पाणी नुसत्या आवाजावरून सांगणारा, म्हातारपणीसुद्धा काठी टेकत धक्क्यावर गेला तो पीठ बघायला गेला नव्हता. त्यांना हे खोटं आहे हे कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. कळत असणारच. तरी वाजवत होते.

मग मी जे केलं त्यावरून व्हर्लिन माझ्याशी बोलत नाही. मी निळं पिंप रिकामं केलं. ऐन कोरड्या दिवसांत, सगळंच्या सगळं. शेजाऱ्यांना बोलावून वाटलं, त्यांनी मला वेड लागलंय असं समजून अगदी प्रेमानं बादल्या भरून नेल्या. मासे पातेल्यात हलवले. पिंप आतून तुमच्याच टॉवेलनं पुसून खडखडीत कोरडं केलं, उन्हात वाळवलं, झाकण आवळून ओसरीवर, वडिलांच्या खोलीच्या खिडकीशी ठेवलं, आणि मोठ्यानं सांगितलं की बाबा, बघा, पाणी नाही. आत कुणीही नाही. ती आलेली नाही. शेजारी ऐकत होते, ऐकू देत. दुसऱ्या पहाटे एकदाच टकटक झाली, वरच्या बाजूला, अगदी हलकी. मग कुणी कान लावून उभं असावं अशी शांतता. आणि त्यानंतर आजपर्यंत काही नाही. ना आवाज, ना कुणाच्या स्वप्नात जाणं. वडील समजले आणि निमूट झाले असं मला वाटतं. घर पुन्हा मोठं वाटू लागलंय, आणि खोटं कशाला सांगू, मला ती टकटक हवीशी झाली आहे.

असो. आमचं सगळं बरं चाललं आहे. लहानमोठ्यांना यथायोग्य. लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत जपून ठेवावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
अँसेल्म

ता. क. वर म्हटलं होतं की दगडाबद्दल अवाक्षर काढणार नाही. हे ते अवाक्षर. आत्याबाई, या. ईस्टरला या. गुडघ्यांचं आपण बघू, गिफ्टन तुम्हाला खुर्चीत बसवून उतरवील, त्यानं कबूल केलंय. मातीवर पाणी तुमच्याच हातनं पडू दे. धक्क्यावर उतरल्यावर कबरीशी नुसतं, आले रे, म्हणालात तरी पुरे. त्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

ता. क. व्हर्लिन माझ्याशी बोलत नसली तरी तिनं हे पत्र वाचलं आहे आणि तिचा निरोप आहे की येणारच असाल तर येताना आणखी एक पिंप घेऊन या, कारण हे आता पाण्याच्या कामातून गेलं. साबण वेगळा बांधावा. बूट एक नंबर मोठे.

ता. क. पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं, आज सकाळच्या बोटीनं गिफ्टनबरोबर जायचं होतं. फाडून पुन्हा उघडलं आहे. आज पहाटे टकटक झाली. आधी बाहेरून, नेहमीसारखी, वरून खाली. आणि ती थांबल्यावर आतून. तितक्याच वेळा, तितक्याच हळू. व्हर्लिनच्या हातातला कप तसाच राहिला, आणि एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ती म्हणाली, उघडू नका. पिंप मी स्वतः पुसलंय, स्वतः आवळलंय, त्यात काही असू शकत नाही. मी झाकणाला हात लावलेला नाही, लावणारही नाही. गिफ्टन खाली बोट थांबवून उभा आहे. वर तब्येतीची चौकशी केली होती ती रीत म्हणून, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही म्हटलं होतं. ते खोडून टाक. आत्या, तू बरी आहेस ना? येऊ नकोस हवं तर, पिंपही नको, काही नको. एक ओळ पाठव. तुझ्या हातची.